प्रतिवादी क्रमांक दोन

१७ मार्च २०२४, रविवार. पार्सिपनी

आज पद्मिनीवहिनी आणि त्यांचा मुलगा नील येऊन गेले. गुरुदत्त गेल्यापासून वहिनी आमच्याकडे अशा पहिल्यांदाच बसल्या, कोट काढून, सोफ्यावर पाय वर घेऊन. शरयूनं उपमा विचारला तर नको म्हणाल्या आणि मग दोनदा घेतला. बरं वाटलं.

त्या केस करताहेत. गुरुदत्तच्या गळ्यात ते मदतीचं बटण असायचं ना, त्या कंपनीवर. तो न्हाणीघरात पडला, बटण दाबत राहिला, आणि ओहायोत बसलेल्या त्या लोकांनी उचललंच नाही. वहिनी तेव्हा लेकीच्या, वैदेहीच्या बाळंतपणाला दूर मॉरिसव्हिलला होत्या. घरचा फोन कुणी घेत नाही म्हणून त्यांनी मला फोन केला आणि त्यांची किल्ली घेऊन मीच गेलो. त्या सकाळबद्दल मी या वहीत एक अक्षर लिहिलेलं नाही. आजही लिहिणार नाही.

तर वकील म्हणतो (हॅनलन नावाचा आहे, मॉरिसटाउनचा), केस आपल्या काउंटी कोर्टात लावायची. पण कंपनी बाहेरच्या राज्यातली. ती लगेच खटला उचलून न्यूअर्कला फेडरल कोर्टात नेणार. तिथे सगळ्या ज्यूरींचं एकमत लागतं, आपल्याकडे सहातले पाच पुरतात. शिवाय मॉरिसटाउनचे ज्यूरी म्हणजे आपल्यासारखेच, घरात एखादा म्हातारा बटण लावून बसलेले. यावर उपाय एकच. प्रतिवादींत न्यू जर्सीचा एक तरी माणूस असला, की कंपनीला खटला हलवता येत नाही.

“वकिलांनी विचारलं, इथल्या कुठल्या डॉक्टरनं बघितलं होतं का,” वहिनी म्हणाल्या.

मला पटकन कळलं. गेल्या गणपतीत आरतीनंतर गुरुदत्तनं नेहमीसारखा हात पुढे केला होता. “त्र्यंबक, उठलं की गरगरतं रे.” मी नाडी पाहिली, पाणी भरपूर पी, सावकाश उठत जा म्हणालो. आमच्या मंडळात हे चालतंच. प्रसादाच्या रांगेत कुणी मनगट पुढे करतं, कुणी फोनमधला रिपोर्ट. चाळीस वर्षं हार्टचा डॉक्टर होतो, आता निवृत्त झालो म्हणून लोक सोडतात थोडेच. त्यानंतर आठवड्याभरात तो गेला.

“भाऊजी, फक्त कागदावर हो,” वहिनी म्हणाल्या. “नंतर काढून टाकतील तुमचं नाव.”

“त्यात काय, घाला की!” मी म्हणालो.

शरयू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. “कुणाचं नाव कुठे घालताय?”

तिला नंतर समजावलं. आम्ही या देशात आलो तेव्हा कुणाला कोण होतं? नीलच्या शाळेच्या कार्डावर, अडचणीत कुणाला कळवायचं तिथे, माझं नाव. आमच्या आरोहीच्या कार्डावर गुरुदत्तचं. नाव द्यायला आम्ही कधी विचार केलेला नाही. शरयू म्हणाली, “ते कार्ड होतं. हे कोर्ट आहे.” बायकांना प्रत्येक गोष्टीत खोट दिसते.

४ एप्रिल, गुरुवार

कागद आले. क्लिनिकला निघताना एक तरुण दारात उभा. नाव विचारलं, पाकीट हातात दिलं. मी त्याला पाणी विचारलं तर घाबरल्यासारखा गाडीकडे गेला.

गुरुदत्तच्या वतीनं पद्मिनी, विरुद्ध कंपनी. आणि खाली, प्रतिवादी क्रमांक दोन, डॉ. त्र्यंबक दांडेकर. आतली भाषा वाचून गंमत वाटली. मी ‘निष्काळजी’, मी ‘वैद्यकीय दर्जापासून ढळलेला’. वहिनींना फोन केला, म्हटलं, “वहिनी, बरंच झणझणीत लिहिलंय तुमच्या माणसानं.” त्या हसल्या, पण लगेच म्हणाल्या, “भाऊजी, आता फोनवर नको बोलायला. वकील नाही म्हणतात.”

साहजिक आहे.

क्लिनिकमध्ये आज गर्दी होती. गुरुवारची ही फुकटची प्रॅक्टिस नसती तर मी घरात शरयूचं डोकं खाऊन मेलो असतो.

१२ एप्रिल

शरयूनं ऐकलं नाहीच. अनिकाला बोलावलं. अनिका म्हणजे मंडळात माझ्या मांडीवर बसून मोदक खाल्लेली पोर, आता न्यूअर्कच्या एका फर्ममध्ये मोठी वकील. मी तिला हसत हसत उपम्याची हकिगत सांगितली. तिचा चेहरा उतरत गेला.

“काका, स्टॉप. तुम्ही हो म्हणालात? यू अग्रीड टू बी स्यूड?”

“अगं, घरचं माणूस आहे.”

“काका, असं नसतं. यू कॅन्ट बी स्यूड अ‍ॅज अ फेवर. कुणी शपथेवर विचारलं तर तुम्हाला हे सांगावं लागेल. आणि सांगितलंत तर पद्मिनीमावशींची केस संपली. फेक डिफेंडंट घालून कोर्टाला फसवलं म्हणतील.”

“आणि नाही विचारलं तर?”

“तर तुम्ही खरे डिफेंडंट आहात,” ती म्हणाली.

म्हणजे काहीच अडचण नाही. शरयू मात्र दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलते आहे.

३ मे

हॅनलनचा अंदाज चुकला. कंपनीनं खटला उचललाच. आता तो न्यूअर्कच्या फेडरल कोर्टात आहे. त्यांच्या अर्जाची प्रत अनिकानं पाठवली. मी तीनदा वाचली आणि खरं सांगतो, माझी छाती फुगली. कंपनीचे वकील लिहितात, डॉ. दांडेकरांवर कुठलाही आरोप उभा राहूच शकत नाही. त्यांनी पेशंट तपासलेला नाही, औषध दिलेलं नाही, एका सामाजिक समारंभात मित्राची विचारपूस केली. या प्रतिष्ठित निवृत्त डॉक्टरांचं नाव केवळ खटला न्यूअर्कला जाऊ नये म्हणून गोवलं आहे.

प्रतिष्ठित! ज्यांच्यामुळे गुरुदत्त गेला तेच माझी बाजू घेऊन भांडताहेत. आणि माझी माणसं मी गुन्हेगार आहे म्हणून भांडणार. गुरुदत्त असता तर पोट धरून हसला असता. त्याची फार आठवण आली.

११ मे

कंपनीच्या वकिलांनी एक पान पाठवलंय. मी सही करायची, की मी गुरुदत्तचा डॉक्टर नव्हतो, उपचार केले नाहीत. सगळं खरंच आहे त्यात. अनिका म्हणते, “सही करा आणि घरी जा, काका. यू आर आउट.”

“आणि वहिनींची केस?”

“न्यूअर्कला राहील.”

“हरतील?”

“मे बी. मे बी नॉट. दॅट्स नॉट युअर जॉब.”

सही केली नाही. त्या सकाळी किल्ली लावून आत गेलो तेव्हा त्याचा हात त्या बटणावरच होता. एवढं लिहिलं, बास. त्या कंपनीला माझ्या सहीनं एक इंचही पुढे जाऊ देणार नाही.

शरयू म्हणाली, “सही का नाही केलीत, दोष खरंच होता का, असं उद्या पद्मिनीनं विचारलं तर?”

काहीतरीच. वहिनी मला हात जोडतील.

४ जून

खटला मॉरिसटाउनला परत पाठवा म्हणून हॅनलननं अर्ज केलाय. त्याला ‘रिमांड’ म्हणतात. आपल्याला तो शब्द ऐकला की पोलीस कोठडीच आठवते. माझ्यावरचा आरोप पोकळ नाही हे दाखवायला अर्जासोबत एका हृदयरोगतज्ज्ञाचं शपथपत्र जोडलंय. फिलाडेल्फियाचा माणूस आहे. मला ओळखत नाही.

सत्तरी उलटलेला, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा पुरुष उठल्यावर गरगरतं म्हणतो. डॉक्टरनं उभं करून आणि बसवून रक्तदाब घ्यायला हवा. औषधं विचारायला हवीत. डॉक्टर दांडेकरांनी यातलं काही केलं नाही, उलट धीर दिला, त्यामुळे पेशंटनं स्वतःच्या डॉक्टरकडे जायचं टाळलं. साधी, स्वच्छ भाषा. एकही शब्द जास्त नाही.

मी विद्यार्थ्यांना हेच शिकवायचो.

पण तिथे रक्तदाबाचं यंत्र कुठलं? आरती चालली होती, टाळ वाजत होते, हातात प्रसादाचा द्रोण. याला काय तपासणी म्हणायचं? हे मी जेवताना शरयूला इतक्या वेळा म्हणालो की शेवटी ती म्हणाली, “मी कुठे काय म्हणतेय?”

८ सप्टेंबर, रविवार

मंडळाचा गणपती. वहिनी आल्या होत्या, वर्षानं पहिल्यांदा. मी हॉलच्या या टोकाला, त्या त्या टोकाला. वकिलांचं ऐकायला हवं, आणि त्या ते फार काटेकोर पाळतात. आरतीच्या ताटाची पाळी माझ्यापर्यंत आली तेव्हा त्या चपला घालत होत्या.

जेवताना शेजारी कुणी बसलं नाही असं शरयूला वाटतं. मला तरी जाणवलं नाही. दोघं-तिघं तब्येतीचं विचारून गेले. म्हणजे माझ्या तब्येतीचं.

नीलशी बोलणं झालं, पार्किंगमध्ये. “काका, हाऊ आर यू होल्डिंग अप?” मी म्हटलं, अरे मला काय धाड भरलीय. आईला सांग, मी खंबीर आहे. तो जमिनीकडे बघत म्हणाला, “मॉम रीड्स दॅट अ‍ॅफिडेव्हिट अ लॉट. लाइक, एव्हरी डे.” मी म्हटलं, बरोबर आहे, साक्षीची तयारी करायलाच हवी. त्याला अजून काहीतरी बोलायचं होतं, पण मागून गाडीनं हॉर्न दिला.

२२ नोव्हेंबर

जिंकलो! न्यूअर्कच्या न्यायाधीशांनी खटला मॉरिसटाउनला परत पाठवला. माझ्यावरचा आरोप ‘अगदीच निराधार म्हणता येणार नाही’ असं त्यांचं मत, आणि त्यात एक वाक्य असंही, की डॉ. दांडेकरांनी स्वतः तो कुठेही नाकारलेला नाही. म्हणजे माझ्या न केलेल्या सहीनंच काम झालं. या निकालावर कंपनीला अपीलही करता येत नाही.

नियम बाजूला ठेवून वहिनींना फोन केला. उचलला नाही. संध्याकाळी नीलचा मेसेज आला, ‘थँक यू फॉर युअर पेशन्स, डॉ. दांडेकर.’ ऑफिसच्या सवयीनं लिहिलं असेल.

शरयूला म्हटलं, गोड काहीतरी कर. तिनं शिरा केला, स्वतः खाल्ला नाही.

१६ जानेवारी २०२५, गुरुवार

हे लिहिताना राग आवरत नाही.

कंपनीनं मॉरिसटाउनच्या कोर्टात आपलं उत्तर दाखल केलं. त्यात माझ्यावर उलटा दावा. फिलाडेल्फियाच्या माणसाचं तेच शपथपत्र त्यांनी शब्दशः उचललंय. डॉ. दांडेकर निष्काळजी होते, त्यांनी पेशंटला खोटा धीर दिला, मृत्यूची मुख्य जबाबदारी त्यांची. न्यूअर्कला असताना मी प्रतिष्ठित होतो. केस तीन गावं इकडे सरकली, तर मी खुनी!

अनिकाला ओरडून विचारलं, हे चालतं कसं? ती शांतपणे म्हणाली, “चालतं, काका. तिथे त्यांना तुम्ही इनोसंट हवे होतात, म्हणजे केस फेडरलमध्ये राहिली असती. इथे तुमच्यावर ढकललं की त्यांचा वाटा कमी. ज्यूरी टक्के ठरवते, कुणाची चूक किती.”

“मग वहिनींनी सांगावं ना, की डॉक्टरांचा काही दोष नाही!”

“त्या कशा सांगतील? सांगितलं तर तुम्ही फेक ठरता. केस परत न्यूअर्क.”

म्हणजे आता या खटल्यात मी निर्दोष आहे म्हणणारं कुणीच उरलेलं नाही. जे होते त्यांना मीच सही न करून हाकललं.

दुपारी क्लिनिकच्या मॅनेजरबाई भेटल्या. फार गोड बोलल्या. केस निकालात निघेपर्यंत गुरुवारी येऊ नका. माझा पांढरा कोट कपाटात तसाच राहू द्या म्हणाल्या. मी तो घेऊन आलो. गाडीत बसून रडलो. लाज वाटते लिहायला, पण रडलो.

२३ फेब्रुवारी

गुरुवार जात नाहीत. शरयूबरोबर वाणसामानाला गेलो तर तिथे मंडळाच्या अहिल्याताई भेटल्या. त्यांच्या नवऱ्याला छातीत जळजळतं. सांगता सांगता त्या मध्येच थांबल्या, म्हणाल्या, “पण आम्ही डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतलीये.” इतक्या वर्षांत माझ्यासमोर ‘डॉक्टर’ म्हणून दुसऱ्या कुणाचं नाव निघालं नव्हतं.

शपथपत्र पुन्हा काढून वाचलं. आता मीही रोज वाचतो. गोळ्या विचारायला हव्या होत्या का? हो, हव्या होत्या. माझ्याकडे रेसिडेंट असता आणि त्यानं विचारलं नसतं, तर मी त्याला चारचौघांत झापलं असतं. पण मी गुरुदत्तचा डॉक्टर नव्हतो, मित्र होतो. मित्रानं किती विचारायचं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही.

वहिनींना हे सगळं कळतं. त्या मला ओळखतात. केस संपली की दोघं बसून यावर हसू, एवढीच आशा आहे.

९ एप्रिल, बुधवार

आज वहिनींची जबानी झाली. हॅनलनच्या ऑफिसात, लांब टेबल, कोपऱ्यात टाइप करणारी बाई. मी प्रतिवादी म्हणून बसू शकतो म्हणून गेलो. अनिका नको म्हणत होती. म्हटलं, वहिनींना एक ओळखीचा चेहरा तरी समोर असू दे.

किती वाळल्यात त्या. निळी साडी नेसून आल्या होत्या. माझ्याकडे एकदा बघितलं आणि मग कंपनीच्या वकिलाकडेच बघत राहिल्या.

दुपारनंतर त्यानं नेम धरला. “मिसेस सबनीस, डॉ. दांडेकरांचं नाव तुम्ही केवळ खटला या काउंटीत राहावा म्हणून घातलं, खरं की नाही?”

वहिनी म्हणाल्या, “नो.”

“त्यांच्यामुळे तुमच्या पतीचा मृत्यू झाला, असं तुम्ही मनापासून मानता?”

“येस.”

“का?”

मग त्या बोलल्या. हळू, पण न अडखळता. गुरुदत्तला गरगरत होतं म्हणून त्यांनी मॉरिसव्हिलचं जाणं रद्द करायचं ठरवलं होतं. बॅग उघडून कपडे परत कपाटात ठेवले होते. आरतीच्या दिवशी निघताना दारात त्यांनी मला विचारलं, जाऊ का? आणि मी म्हणालो, “खुशाल जा, नातवंडाचं तोंड बघा, त्याला काही होत नाही.” म्हणून घरी येऊन त्यांनी पुन्हा बॅग भरली.

मला थक्क व्हायला झालं. काय बेमालूम रचलं होतं! अगदी कपाटातल्या कपड्यांसकट. टाइप करणारी बाईसुद्धा क्षणभर थांबली. केस इथून हलत नाही आता, असं मला वाटलं, आणि वहिनींचा अभिमान वाटला.

मधल्या सुट्टीत त्या पाणी प्यायला बाहेर आल्या. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी पुढे झालो, हळूच म्हटलं, “वहिनी, छान दिलीत जबानी. मी अजिबात मनाला लावून घेतलेलं नाही. शपथेवर असंच बोलावं लागतं.”

त्यांनी पेला खाली ठेवला. “भाऊजी, तुमच्याकडे आले ना, तेव्हा मलाही वाटलं होतं, फक्त कागदावर आहे.” त्यांचा आवाज बसला होता. “मग त्या डॉक्टरांनी लिहिलेलं वाचलं. आत मी एक शब्द खोटा बोलले नाही.”

मी त्यांचा पेला उगाच भरून ठेवला.

“का म्हणालात मला जा म्हणून?” त्यांनी विचारलं. अगदी साधं, कुणी वेळ विचारावी तसं. तेवढ्यात नील आला आणि त्यांना दंडाला धरून आत घेऊन गेला.

दोनशे सत्त्याऐंशी नंबरच्या हायवेवरनं घरी कसा आलो ते कळलं नाही. सगळ्या वाटेवर एकच चाललं होतं. दार, चपलांचा ढीग, आरतीनंतरची गर्दी, आणि वहिनी. वहिनींचा चेहरा काही केल्या समोर येईना. त्या दिवशी मी पंचवीस लोकांना काहीबाही सांगत होतो.

सहाला घरात शिरलो तेव्हा शरयू कुकर लावत होती. तिला सगळं सांगितलं. म्हटलं, “बघ, वहिनींचा स्वतःच्याच गोष्टीवर किती विश्वास बसलाय. मी असं काही म्हणालो नव्हतो.”

ती पाठमोरीच होती. “म्हणालात,” ती म्हणाली. “खुशाल जा म्हणालात. मी तुमच्या बाजूलाच उभी होते.”

“मग वर्षभरात सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही विचारलंत कुठे?”

पुढच्या बुधवारी माझी जबानी आहे. अनिकानं बजावून ठेवलंय, “काका, आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ एवढंच म्हणा, ते चालतं.” आज संध्याकाळी सहापर्यंत ते खरं होतं.